रोहिणीतली पेज

प्रश्न असा आहे: रसेल रॉस या अमेरिकन संशोधकाच्या कामावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात पानोपानी 'अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस' येतं, म्हणजे धमन्यांच्या भिंतीत मेद साठण्याचा विकार. कोशात 'धमनीकाठिण्य' सापडलं, ते चालेल का? आणि रॉसच्या १९९९च्या गाजलेल्या लेखाचं शीर्षक आहे 'अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस – अ‍ॅन इन्फ्लमेटरी डिसीज'. त्यातल्या इन्फ्लमेशनला, म्हणजे इजा किंवा संसर्ग झाला की शरीर देतं त्या प्रतिक्रियेला, 'दाह' म्हणायचं की 'सूज'?

पहिल्याचं उत्तर: शक्यतो नको. धमनीकाठिण्य हा शब्द चुकीचा नाही, पण त्याची जोडी दुसऱ्या शब्दाशी लागलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्ट्रासबुर्गच्या जाँ लोबस्टाइनने 'आर्टेरिओस्क्लेरोसिस' हा शब्द घडवला. आर्टेरिया म्हणजे धमनी आणि स्क्लेरोस म्हणजे कठीण. धमनीकाठिण्य हे त्याचं शब्दाला शब्द भाषांतर. वयोमानाने वाहिन्या ताठ होणं, भिंतीत चुना साठणं, हे सगळं त्या पोतडीत मावतं. १९०४ साली लाइपझिगच्या फेलिक्स मार्शांने त्यातला एक प्रकार वेगळा काढला आणि नाव देताना 'आर्टेरिया' काढून तिथे 'अथेरे' बसवली. अथेरे म्हणजे ग्रीकांची भरडलेल्या धान्याची पेज.

हो, पेजच. वाहिनीच्या भिंतीतला फुगवटा कापला की आतून पिवळसर, लिबलिबीत लापशी बाहेर येते. शवविच्छेदन करणाऱ्यांनी जे पाहिलं तेच नाव दिलं. कोपनहेगनचा शिल्पकार थोरवाल्डसेन १८४४मध्ये नाटकाला गेला असताना तिथेच गेला. त्याच्या शवविच्छेदनाच्या टिपणात, हृदयाच्या वाहिनीतला असा एक फुगवटा फुटून आतली लापशी वाहिनीच्या पोकळीत सांडल्याचं नोंदलेलं आहे. तेव्हा अर्धा आजार घट्टपणाचा आणि अर्धा पेजेचा. धमनीकाठिण्य म्हटलं की कठीण तेवढं उरतं, पेज सांडते.

आता गंमत पाहा. मराठी विश्वकोशात या विकाराला 'रोहिणीविलेपी विकार' असा शब्द आहे. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा 'विलेपी' म्हणजे लेप देणारा, आतून थर बसवणारा, असाच अर्थ लावला आणि पुढे गेलो. बऱ्याच दिवसांनी आयुर्वेदातल्या पथ्याबद्दल वाचताना मंड, पेया, यवागू यांच्या रांगेत उभी असलेली विलेपी भेटली. तांदूळ चौपट पाण्यात शिजवून केलेली दाट पेज, ती विलेपी! ज्याने कोणी हा शब्द घडवला, त्याने अथेरेसाठी नेमकी पेजच शोधून काढली, आणि 'लेप'ही त्यात आपोआप आला. परिभाषेतले शब्द बोजड म्हणून आपण नाकं मुरडतो. त्यांतला एखादा असा निघतो की घडवणाऱ्याचे पाय धरावेत.

'रोहिणी' की 'धमनी', या वादात फार शिरत नाही. शाळेत रोहिणी-नीला शिकलेल्यांना रोहिणी जवळची वाटते, बाकीच्यांना ते नक्षत्र वाटतं. धमनीची व्युत्पत्ती मात्र सांगायलाच हवी. चरकसंहितेत 'ध्मानात् धमन्यः' असं म्हटलं आहे. धमन म्हणजे फुंकणं, भाता चालवणं. ग्रीक आर्टेरियाही आधी श्वासनलिकेसाठी वापरत आणि धमन्यांतून हवा खेळते असं त्यांच्यातले काही वैद्य मानत. दोन्ही भाषांना रक्तवाहिनीत वारा दिसला.

पेजेचा हट्ट मी धरतो त्याला आणखी एक कारण आहे. मामाची अँजिओग्राफी झाली तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे पेनाने एक नळी काढून तिच्या आत काळं केलं. घरी तो कागद पाहून आजी म्हणाली, "म्हणजे मोरीचा पाइप चोंदतो तसं." सगळ्यांना पटलं. 'नसेत ब्लॉकेज निघालं' हे आपलं बोलणंही त्याच चित्रातून येतं. पण हे किटण पाइपाच्या आतल्या अंगाला बसलेलं नसतं. ते भिंतीच्या पोटात, अस्तराखाली साठतं. आजीला कळेल असं सांगायचं तर पेज निवली की वर साय धरते ना, तसं. आत मऊ लापशी, वर तंतूंची साय. साय जाड असेल तर माणूस वर्षानुवर्षं चालतो-फिरतो. ती पातळ असून फाटली, की आतला ऐवज रक्ताला लागतो, गुठळी धरते आणि झटका येतो. मोरीचा पाइप असा अचानक दगा देत नाही.

आता रॉस. हा गृहस्थ मुळात दातांचा डॉक्टर. पुढे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विकृतिशास्त्रात (पॅथॉलॉजीत) आयुष्य घालवलं. १९७०च्या दशकात जॉन ग्लॉमसेटबरोबर त्याने मांडणी केली की सुरुवात इजेपासून होते. वाहिनीच्या अंतःस्तराला, म्हणजे आतल्या अस्तराला, इजा होते, तिथे बिंबिका (प्लेटलेट्स) चिकटतात, त्यांच्यातून एक द्रव्य सुटतं आणि त्यामुळे भिंतीतल्या स्नायुपेशी वाढत सुटतात. बिंबिकांतलं ते पेशी वाढवणारं द्रव्य त्याच्या प्रयोगशाळेने १९७४मध्ये दाखवूनही दिलं. पुढे त्यालाच दिसलं की अंतःस्तर सोललेला असण्याची गरज नाही, तो नुसता बिघडला तरी पुरतं. आणि इन्फ्लमेशनची खूण असलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तर पहिल्या पायरीपासून तिथे हजर असतात. १९९९च्या लेखात हे सगळं एकत्र आलं. त्याच वर्षी तो गेला.

म्हणून दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा नाजूक आहे. व्युत्पत्तीच पाहायची तर इन्फ्लमेशनमध्ये 'फ्लेम' म्हणजे ज्वाळा आहे, आणि 'दाह' अगदी चपखल. तरी मी दाह लिहिणार नाही. (वर पेजेसाठी व्युत्पत्तीचा आधार घेतला आणि इथे तिलाच बाजूला सारतो, हे मान्य.) कारण साधं आहे: मराठी माणसाला दाह म्हटलं की जळजळ आठवते. छातीच्या आजाराबद्दल लिहिताना जळजळ हा अर्थ डोक्यात जाणं बरं नाही. आधीच छातीत दुखलं की लोक पित्त समजून सोडा पितात. शिवाय हा विकार वर्षानुवर्षं जळजळ, दुखणं काही न होता आत चालू असतो.

'सूज' त्याहून सोपा, पण अपुरा. रोमन लेखक केल्ससने दोन हजार वर्षांपूर्वी इन्फ्लमेशनची चार लक्षणं सांगितली: लाली, सूज, उष्णता, वेदना. चारांतल्या एकीलाच सगळ्यांचं नाव कसं द्यायचं? शिवाय सूज म्हटलं की पाय सुजतात तीही आली, जिचा इन्फ्लमेशनशी संबंध असेलच असं नाही.

उरतो 'शोथ'. संधिशोथ, यकृतशोथ असे शब्द आपल्याकडे रुळलेले आहेत आणि वाचक त्याचा अर्थ 'शरीराने दिलेली प्रतिक्रिया' असा घेऊ शकतो. वैद्यमंडळी म्हणतील, आमच्याकडे शोथ म्हणजेही सूजच. खरं आहे. सुश्रुताचा 'व्रणशोथ' इन्फ्लमेशनच्या अधिक जवळ जातो, आणि रॉसच्या इजेच्या मांडणीला तो मापून शिवल्यासारखा बसतो. पण तो १९७०च्या दशकातल्या रॉसला. १९९९च्या रॉसने व्रण असलाच पाहिजे ही अट सोडली होती, त्यामुळे शीर्षकात व्रणशोथ घातलात तर त्याला पंचवीस वर्षं मागे न्याल.

मी असतो तर शीर्षक 'अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस: एक शोथविकार' असं केलं असतं. पहिल्या परिच्छेदात एकदाच 'रोहिणीविलेपी विकार' देऊन विलेपी म्हणजे काय ते सांगितलं असतं आणि पुढे बिनधास्त अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस वापरलं असतं. डॉक्टर आणि पेशंट दोघंही तेच बोलतात. लेखात 'फोम सेल', म्हणजे मेद गिळून फुगलेल्या पेशी, येतील तिथे 'फेनपेशी' लिहा, 'फेसाळ पेशी' नको. फेसाळ म्हटलं की डोळ्यांपुढे ताक येतं.