काका, फेसबुकवर आलात, आता एवढं ऐका

काका, कोकणचे फोटो झकास आहेत, पण पुढच्या वेळी परत आल्यावर टाका. आपल्या सदाशिव पेठेत 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये' अशी पाटी लावतात. 'रविवारपर्यंत घरी कोणी नाही' अशी कुणी लावतं का? तिथूनच टाकलेला फोटो म्हणजे तीच पाटी.

आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. ६ आकडी पिन ठेवायचा. जन्मतारीख नको, लग्नाची तर मुळीच नको, ती तुम्ही दरवर्षी जाहीर करता! कुणी गोड बोलून ओटीपी काढून घेतला, तरी या पिनशिवाय तुमचा नंबर त्याच्या फोनवर चालू करणं अवघड जातं. मी हा पिन लावला तो फटका बसल्यावर. तोवर माझ्या नावानं निम्म्या नातेवाइकांकडे पैसे मागून झाले होते, आणि मावशीनं २,००० पाठवलेही. अजून ऐकवते.

व्हॉट्सॲपमधली 'लिंक्ड डिव्हायसेस'ची यादीही अधूनमधून बघा, तुमचं खातं आणखी कुठे उघडं आहे ते तिथं दिसतं. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब उघडतो आणि तसंच सोडून येतो आपण.

फेसबुकची फ्रेंड लिस्ट 'ओन्ली मी' करा. तुमचा फोटो लावून बनावट खातं काढणाऱ्याला गिऱ्हाइकं तिथूनच मिळतात.

आणि पैसे गेलेच, तर काकूंपासून लपवत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी कळवलं, तर ती अडवता येण्याची शक्यता असते.

पिनचं आजच करा. अडलं तर संध्याकाळी येतोच, चहा टाकून ठेवा.