एक्स-रे नॉर्मल, तरी धाप लागते

प्रश्न : आईला (वय 61) नऊ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांध्यांना सूज आणणारा आजार) आहे. सहा वर्षं मेथोट्रेक्सेट घेते, आठवड्यातून एकदा 15 मिलिग्रॅम. तीन महिने कोरडा खोकला आहे, जिना चढताना धाप लागते. एक्स-रे नॉर्मल आहे. शेजारी म्हणतात, गोळीनेच फुप्फुस बिघडलं, बंद करा. करावी का?

उत्तर : परस्पर बंद करू नका. या गोळीमुळे येणारी फुप्फुसाची सूज बहुधा पहिल्या वर्षात येते, आणि काही दिवसांत ताप, खोकला, धाप सगळं एकदम वाढवते. तसं झालं तर मात्र पुढचा डोस न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सहा वर्षांनी हळूहळू वाढणारी धाप म्हटली की संशय आधी मूळ आजारावरच जातो. हा आजार सांध्यांपुरता नसतो. फुप्फुसाच्या जाळीत (हवेच्या पिशव्यांमधल्या नाजूक पडद्यांत) व्रण, म्हणजे घट्ट डाग, धरतो, आणि सुरुवातीला ते एक्स-रेत दिसत नाहीत.

डॉक्टरांना पाठीवर, अगदी खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावायला सांगा. खोल श्वासाच्या शेवटी चपलेचा वेल्क्रो उचकटल्यासारखा आवाज आला, तर छातीचा एचआरसीटी (बारकाईने दाखवणारा सीटी स्कॅन) हवाच. पाठीवर झोपून काढलेल्या स्कॅनमध्ये तळाशी पुसट सावली दिसली, तर पालथं झोपवूनही काढतात. फुप्फुसाच्या नुसत्या वजनाने पडलेली सावली तेव्हा निघून जाते, व्रण जात नाही. पीएफटीची (फुप्फुसाच्या क्षमतेच्या तपासणीची) वेळ घेताना ‘डीएलसीओसह’ असं स्पष्ट सांगा. डीएलसीओ म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो, त्याचं माप. नुसती फुंकर मारायची तपासणी नॉर्मल येऊनही डीएलसीओ घसरलेला असू शकतो.

घरी ऑक्सिमीटर बसल्या जागी नव्हे, आईला सहा मिनिटं चालवून लावा. आकडा चार अंकांनी उतरला तर डॉक्टरांना कळवा. बोटं वाकडी किंवा गार असली की आकडा फसवा येतो. हात चोळून गरम करा, सरळ बोट निवडा, नेलपॉलिश काढा. गुडघ्यांमुळे चालणंच कमी झालेल्या माणसाला धाप उशिरा जाणवते, हेही ध्यानात ठेवा.

व्रण वाढत असतील तर निन्टेडॅनिब देतात, बहुधा 150 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणासोबत. जुलाब होतात, लिव्हरची तपासणी लागते. औषध वेग कमी करतं. झालेला व्रण भरून येत नाही.

प्रश्न : याच आजारात छातीत पाणी झालं. त्या पाण्यात एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) जास्त म्हणून टीबीचं औषध सांगितलं आहे.

उत्तर : एडीए या आजारातल्या पाण्यातही वाढतो, साखरही फार कमी असते. प्लुराची (फुप्फुसावरच्या आवरणाची) बायोप्सी किंवा पाण्याची जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी), कल्चर (जंतू वाढवून पाहणारी) तपासणी झाली का, ते विचारा. जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच, असंही धरू नका.