आधी तपासा, मग इंजेक्टर काढा

उन्हाळा लागला की एकच तक्रार वरचेवर येते. गाडी चालताना ठीक, पण उभी राहिली की थरथरते. इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारी नोझल) साफ करून घेतले, पैसे गेले, थरथर तिथेच. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत. पत्र वाचून गाडीचा दोष पक्का सांगता येत नाही. गॅरेजमध्ये गेल्यावर काय विचारायचं आणि काय करू द्यायचं नाही, एवढं मात्र नक्की सांगता येतं.

प्रश्न (अमळनेर, शिक्षिका): माझी पेट्रोल गाडी २०१६ ची, ६५ हजार किलोमीटर झालेली. रेल्वे फाटकावर थांबले की स्टिअरिंग थरथरतं, एसी लावला की जास्तच. वेग घेतला की काही नाही. गॅरेजवाले म्हणतात, इंजेक्टर चोक झालेत. साफ करून घेऊ का?

उत्तर: ताई, एवढ्यात नको. आधी आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा, काटा बघा. इंजिन गरम झाल्यावर काटा ७०० ते ८५० च्या दरम्यान एका जागी स्थिर असेल आणि तरी स्टिअरिंग हलत असेल, तर इंजिनाच्या माउंटिंगची रबरं बसली असण्याची शक्यता जास्त. काटाच खाली-वर होत असेल तर दोष इंजिनाच्या चालण्यात आहे.

एसी लावल्यावर त्रास वाढतो म्हणता, त्यावरून माझा पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावर, जातो. कॉम्प्रेसरचा भार आला की गाडीचा कंप्युटर थ्रॉटलची झडप किंचित उघडून हवा वाढवतो. झडपेच्या कडेला तेलाची वाफ आणि धूळ मिळून काळा थर बसतो आणि नेमकी तिथूनच आयडलची (गाडी उभी असताना इंजिन हळू चालतं, तेव्हाची) हवा जायची असते. आपल्याकडच्या धुळीत हा थर लवकर धरतो, त्यात एअर फिल्टर जुना असला तर बघायलाच नको. थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापड एवढ्याने काम होतं. चावी चालू ठेवून झडप बोटाने ढकलू देऊ नका, आणि साफ केल्यावर आयडल पुन्हा शिकवून घ्यायला सांगा.

त्याने फरक पडला नाही तर प्लग आणि कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग). स्कॅनरवर (गाडीच्या कंप्युटरला जोडून दोष वाचायचं यंत्र) पी ०३०२ असा कोड आला म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग करतोय, त्यात इंधन नीट पेटत नाही. दोन नंबरची कॉइल तीन नंबरला लावून बघायची. मिसिंग तीनवर गेलं तर कॉइल खराब. दोनवरच राहिलं तर प्लगची अदलाबदल, आणि त्यानंतर इंजेक्टरची.

आणखी एक आकडा मागून घ्या, फ्युएल ट्रिम. कंप्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय, ते त्यात दिसतं. आयडलला अधिक १५-२० आणि २५०० आरपीएमला शून्याच्या जवळ असेल, तर बहुधा एखाद्या चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून किंवा इनटेकच्या गॅस्केटमधून चोरटी हवा आत येतेय. उलट, भार वाढला की आकडाही वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय. तेव्हा पंप, फिल्टर आणि इंजेक्टर संशयात येतात. हे काहीच न बघता 'इंजेक्टर चोक' म्हणणारा माणूस अंदाज सांगतोय. ज्याच्याकडे स्कॅनर आहे आणि तो वाचता येतो, त्याला गाडी दाखवा.

प्रश्न (धुळे): इंजेक्टर किती किलोमीटरला साफ करावेत?

उत्तर: ठरलेला आकडा नाही. त्रास असेल आणि तपासणीत दोष इंजेक्टरवर येत असेल, तेव्हाच.

प्रश्न (शिरपूर): दर सर्व्हिसिंगला बिलात 'इंजेक्टर क्लीनिंग' लावतात. नको म्हटलं तर 'वॉरंटीला अडचण येईल' म्हणतात. खरं का?

उत्तर: गाडीच्या पुस्तिकेत सर्व्हिसचा तक्ता असतो. त्यात हे काम लिहिलेलं नसेल तर नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वॉरंटीची भीती घालत असतील तर 'हे लेखी द्या' म्हणा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

या एका नावाखाली तीन वेगळी कामं विकली जातात, हे माहीत असू द्या. पहिलं, टाकीत एक बाटली ओतणं. दुसरं, इंजिनाच्या पेट्रोल लाइनला डबा जोडून चालू इंजिनात क्लीनर सोडणं. तिसरं, इंजेक्टर बाहेर काढून अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुणं आणि टेस्ट बेंचवर मोजणं. खरा पुरावा फक्त तिसऱ्यात मिळतो. बेंचवर काचेच्या चार नळ्या असतात. सारख्या वेळात प्रत्येकीत किती द्रव आला, फवारा शंकूसारखा पसरतो की एका बाजूला पिचकारी मारतो, बंद केल्यावर टोकाशी थेंब लोंबतो का, हे स्वतः उभं राहून बघा. धुण्याआधीचे आकडे आणि नंतरचे आकडे, दोन्ही मागा. धुतल्यावर चार नळ्यांतला फरक पाचेक टक्क्यांच्या आत यायला हवा. बसवताना ओ-रिंग नव्या टाकायच्या, जुन्याच घातल्या तर पेट्रोल गळून आगीचा धोका. आधीचे आकडे दाखवायला जो तयार नाही, त्याला काम देऊ नका.

टाकीत ओतायच्या बाटलीबद्दल पुष्कळांनी विचारलंय. चांगल्या प्रतीचं क्लीनर हलका थर काढू शकतं. बंद पडलेला किंवा झिजलेला इंजेक्टर त्याने बरा होत नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) पेट्रोल गाडीत तर पेट्रोल इनटेक व्हॉल्ववरून जातच नाही, त्यामुळे व्हॉल्ववरचा कार्बन टाकीतल्या औषधाने निघायचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न (नंदुरबार): पेट्रोलमध्ये डांबरगोळ्या टाकल्या की इंजेक्टर साफ होतात आणि अॅव्हरेज वाढतो, असा मेसेज आलाय.

उत्तर: टाकू नका. रॉकेल, थिनर, अॅसिटोन हेही नाही. आधीच टाकल्या असतील तर गाडी चालू न करता टाकी रिकामी करून घ्या.

प्रश्न (रावेर तालुका, केळी बागायतदार): माल वाहतुकीची डिझेल पिकअप आहे, बीएस ६. डिझेल शेतातल्या ड्रममध्ये भरून ठेवतो. महिन्यापासून स्लोवर ठकठक आवाज आणि धूर. गावातले मिस्त्री म्हणतात, इंजिन चालू ठेवून एकेका पाइपचा नट ढिला करू, कमजोर नोझल सापडेल. जुन्या ट्रॅक्टरचं ते असंच बघतात. करू द्यावं का?

उत्तर: नाही, भाऊ. कोणत्याही परिस्थितीत नाही. हे उत्तर लांबेल, पण ते मिस्त्रींनाही वाचून दाखवा.

त्यांची पद्धत त्यांनी मनाने काढलेली नाही. जुन्या पंपाच्या इंजिनावर ती वर्षानुवर्षं चालत आली: नट ढिला केल्यावर आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय, बदलला नाही तर दोष तिथेच. त्या नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडायच्या, आणि तिथेही हात जपावा लागायचा. तुमच्या पिकअपला कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एकच जास्त दाबाची नळी. नुसत्या आयडलला रेलमध्ये २५०-३०० बार दाब असतो, रेस दिली की तो १६०० बारच्या घरात जातो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज करा. नट ढिला झाला की निघणारी धार डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक असते. ती हातमोजा भेदते आणि कातडीही भेदते. जखम सुई टोचल्यासारखी दिसते. रक्त जवळजवळ येत नाही, सुरुवातीला फार दुखतही नाही, म्हणून माणूस हात पुसून पुन्हा कामाला लागतो. आत डिझेल पसरत जातं आणि उशीर झाला तर बोट, कधी हातही काढावा लागतो. असं कोणाला झालं तर हळद, मलम लावत बसू नका. सर्जन असेल त्या दवाखान्यात लगेच न्या आणि 'जास्त दाबाचं डिझेल कातडीत शिरलंय' हे स्पष्ट सांगा. नाहीतर साधी टोच समजून पट्टी बांधून परत पाठवण्याचा धोका आहे.

कमजोर इंजेक्टर शोधायला नट ढिला करायची गरजच नाही. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरला कंप्युटर किती डिझेल वाढवतोय किंवा कमी करतोय, ते दिसतं. दुसरी रिटर्न टेस्ट. इंजेक्टरच्या रिटर्न नळ्यांना मापाच्या बाटल्या जोडून इंजिन चालवायचं. ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल येईल, तो इंजेक्टर आतून झिजलेला. हे काम डिझेल लॅबचं, कारण आतल्या सुईची फट काही मायक्रॉनची आणि तोंडाची भोकं केसाएवढी. तार घालून किंवा पॉलिश पेपरने घासून ती साफ होत नाहीत, बिघडतात. इंजेक्टर बदलला तर त्यावरचा कोड कंप्युटरमध्ये भरावा लागतो आणि खालचा तांब्याचा वॉशर नवा टाकावा लागतो.

आता ड्रम. माझ्या मते तुमच्या त्रासाचं मूळ तिथेच असण्याची शक्यता मोठी आहे. अर्धा रिकामा ड्रम दिवसा तापतो, रात्री गार पडतो, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर जमून खाली उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. पत्रा गंजतो, पावसाळ्यात त्या पाण्यात शेवाळासारखा चिकट थर वाढतो. हे सगळं नरसाळ्यातून टाकीत जातं. वर फडकं बांधलं तरी पाणी अडत नाही. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा कॉक असतो. त्यातून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी वेगळा थर किंवा तपकिरी गाळ दिसला तर ड्रमचं डिझेल आजपासून बंद. इंजेक्टर बदलायच्या आधी टाकी आणि लाइन धुवून फिल्टर नवा टाका, नाहीतर नवे इंजेक्टरही त्याच वाटेने जातील. डॅशबोर्डवर डिझेलमधल्या पाण्याचा दिवा लागत असेल तर गाडी पुढे रेटू नका. केळीची गाडी भरायची घाई मला कळते. पण हायप्रेशर पंप पाण्यावर चालवला तर त्याचा चुरा संपूर्ण लाइनमध्ये जातो, आणि मग पंप, रेल, इंजेक्टर सगळंच बदलायची वेळ येते. या आठवड्यातच जळगाव किंवा भुसावळच्या बाजूला बेंच असलेल्या डिझेल लॅबमध्ये गाडी न्या, आणि ती बाटली सोबत ठेवा.

प्रश्न (जळगाव): सीएनजीवर गाडी छान, पेट्रोलवर टाकली की झटके देते. पेट्रोल क्वचितच वापरतो.

उत्तर: क्वचित वापरता, हेच कारण असावं. गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात, इंजिनाच्या उष्णतेने त्यांच्या तोंडाशी राहिलेलं पेट्रोल वाळून डिंकासारखं होतं. टाकीतलं पेट्रोलही महिनोन् महिने जुनं. ताजं पेट्रोल भरा, पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, आठवड्यातून दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. दोन-तीन आठवड्यांत सुधारणा नसेल तर पेट्रोलचा दाब मोजून घ्या आणि मग इंजेक्टर बेंचवर न्या. गॅसच्या गाडीत प्लगवर ताण जास्त येतो, तेही बघायला सांगा.

प्रश्न (चाळीसगाव): माझी गाडी २०१२ ची. ई २० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने इंजेक्टर खराब होतात का? ते भरतोय तेव्हापासूनच थरथर सुरू झाल्यासारखी वाटते.

उत्तर: 'तेव्हापासून वाटते' यावर निदान करता येत नाही. खरं तेवढं सांगतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकीतला जुना थर सोडवतं. तो थर फिल्टरमध्ये येऊन अडकतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने कंप्युटरला पेट्रोल थोडं वाढवावं लागतं, आणि अॅव्हरेज काहीसा उतरतो. जुन्या गाडीची रबरी नळी, सील त्या मिश्रणासाठी बनवलेली असतीलच असं नाही. पुस्तिकेत किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत कोणतं इंधन लिहिलंय ते पाहा. फिल्टर बदलून घ्या, नळ्या तपासून घ्या, गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न (पाचोरा): दिवाळीपासून चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लुकलुकतो. गाडी चालतेय. एवढ्यात दाखवायला हवी का?

उत्तर: दिवाळीपासून! आता आखाजी (अक्षय तृतीया) आली. दिवा स्थिर लागला तर गाडी हळू चालवत गॅरेजला नेता येते. लुकलुकला तर मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतंय. आतली जाळी वितळते, आणि तिचा खर्च प्लग-कॉइलच्या कितीतरी पट. तापलेला कन्व्हर्टर वाळलेल्या गवतावर किंवा पऱ्हाट्यांवर उभा राहिला तर आग लागू शकते. आजच चालवणं थांबवा, मेकॅनिकला घरी बोलवा.

प्रश्न (भुसावळ): बॅटरी बदलल्यापासून आयडल खाली-वर होतं. इंजेक्टर?

उत्तर: बहुधा नाही. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत कंप्युटर आयडलचं शिकलेलं विसरतो. पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने आयडल शिकवून घ्या, दोन-तीन दिवस नेहमीसारखी चालवा. तरी राहिलं तर स्कॅनर लावून घ्या, आणि बॅटरी बसवताना एखादा पाइप किंवा सॉकेट निसटलं का, ते आधी बघायला सांगा.