इलेक्ट्रिक चरख्यावर लोकर छान निघते, पण कापूस सारखा तुटतो. वेग किती ठेवावा? आणि या सुताला खादी म्हणता येईल का?

वेगाचं नंतर बघू, आधी ब्रेक (सूत गुंडाळणाऱ्या रिळाला, म्हणजे बॉबिनला, रोखणारी दोरी) सैल करा. आणि धागा तुटतो कसा ते नीट पाहा. टोक पिसासारखं विरळ होऊन सुटलं असेल, तर पीळ पुरण्याआधीच बॉबिनने धागा ओढून नेला. टोकाला वेटोळं पडून टचकन तुटलं असेल, तर पीळ जास्त झाला. कापसात बहुतेक वेळा पहिलाच प्रकार असतो. मेरिनोचा तंतू ७-८ सेंटीमीटर, कापसाचा जेमतेम अडीच-तीन. लोकरीला चालणारी ओढ कापसाला कशी चालेल?

ब्रेकची दोरी इतकी सैल करा की धागा आत जाणंच थांबेल. मग खुंटी पाव-पाव फेरा आवळत, धागा हळूच आत सरकू लागला की थांबा. रबरबँड असेल तर काढून गुळगुळीत सुती दोरा लावा, रबर धरून-सोडून झटके देतो. रिकाम्या बॉबिनचा गाभा बारीक, म्हणून सुरुवातीलाच ओढ सगळ्यात जास्त. गाभ्यावर आधी जुनं सूत किंवा फोम गुंडाळून तो जाड करा. बॉबिन भरत जाईल तशी ओढ कमी होते, तेव्हा ब्रेक थोडा आवळायचा. तरीही ओढ जास्तच वाटली, तर धागा फ्लायरच्या (बॉबिनभोवती फिरून पीळ देणाऱ्या, हुकं असलेल्या दोन हातांच्या भागाच्या) एका हाताच्या हुकातून समोरच्या हाताच्या हुकात असा दोन-तीनदा आडवा नेऊन मग बॉबिनवर सोडा. घर्षणाने ओढ लगेच मरते. दांड्यावर प्रत्येक बॉबिनला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब हवाच. कोरड्या दांड्यावर बॉबिन फ्लायरला चिकटून फिरते आणि मग ब्रेकचं काही चालत नाही.

पेळू (कातायला वळलेली कापसाची सैल वात) चिमटीत आवळू नका, नुसता टेकवून धरा आणि हात लांब मागे न्या. पीळ बारीक जागी आधी बसतो, जाड जागा ताणून बारीक होतात.

आता वेग. १६ नंबरच्या सुताला (नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक) इंचाला साधारण १६ पीळ लागतात. फ्लायर मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ९४ इंच, म्हणजे २.४ मीटर सूत. १००० मीटरच्या एका गुंडीला सात तास! म्हणून कापसाला वेग जवळजवळ पूर्ण ठेवा, फक्त पहिला मीटरभर हळू. मोटर लावली म्हणजे सूत भराभर पडतं, हा गैरसमज आहे. कापसाच्या बाबतीत येरवड्याचा पेटी चरखा (पेटीत मावणारा, हाताने फिरवायचा) याच्या पुढे जाऊ शकतो, कारण त्याची चाती (सूत कातायची टोकदार सळई) हाताच्या एका फेऱ्यात कित्येक डझन वेळा फिरते. तुमच्या यंत्राला चाती जोडता येत असेल तर जरूर घ्या.

खादीचं म्हणाल, तर नाही. १९५६ च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोग कायद्यात हाताने कातलेलं सूत हवं असं स्पष्ट आहे. पण जे लोक ‘मोटर लावली की कातणं संपलं’ म्हणून नाक मुरडतात, त्यांनी एकदा अंबर चरखा (अनेक चात्यांचा, ज्याचं सूत खादीत चालतं) उघडून बघावा. तिथे तंतू ओढून बारीक करायचं काम रूळ करतात, माणूस दांडा फिरवतो. ते हातकताई! इथे तंतू बोटं ओढतात, मोटर नुसती फिरवते, आणि ही फसवणूक? सुताची जाडी-बारकी कोण ठरवतं, हे बघा ना. कसब बोटांत असतं, दांड्यात नाही. गुडघे गेलेल्या माणसाला पायचरखा जमत नाही, त्याने काय कातूच नये? अर्थात विकताना लेबलवर ‘खादी’ लिहू नका, तिथे हा युक्तिवाद चालणार नाही.

हे सगळं ज्यात मोटर फ्लायर फिरवते आणि ब्रेक बॉबिनवर असतो, त्या यंत्राला लागू. मोटर बॉबिनला आणि ब्रेक फ्लायरला असेल, तर ओढ मुळातच जोरदार असते. त्यावर बारीक कापूस कातायच्या भानगडीत पडू नका, जाड लोकरच काता. १२ व्होल्टच्या यंत्राला १२ चाच अडॅप्टर लावा, अँपिअर जास्त असले तरी चालतात. आणि दिशा बदलायची तर फ्लायर पूर्ण थांबल्यावर.