शास्त्रांतील गणिका आणि पिंगलेचे स्वगत

प्रश्न : पंचवटीत भागवत सप्ताहात पिंगला या गणिकेची कथा ऐकली. निरूपणात ती ‘पापिणीचा उद्धार’ म्हणून सांगितली गेली. घरी परतताना मुलीने विचारले, की धर्मग्रंथांत अशा स्त्रिया केवळ पश्चात्ताप करण्यासाठीच येतात का? मला उत्तर देता आले नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मुलीची शंका रास्त आहे, मात्र ‘शास्त्र’ म्हणून आपण ज्यांना एकत्र बांधतो, ते ग्रंथ या बाबतीत एका सुरात बोलत नाहीत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गणिकेचे अन्न वर्ज्य ठरवले आहे, आणि लगेच पुढच्या श्लोकात चोर, गवई, सुतार व व्याजबट्टा करणारा यांचेही. याउलट बुद्धांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन करणाऱ्या ‘महापरिनिब्बान सुत्त’ या पाली ग्रंथात वैशालीची गणिका आम्रपाली बुद्धांना भोजनाचे निमंत्रण देते व ते स्वीकारले जाते. वैशालीवर सत्ता असलेल्या लिच्छवी कुळातले राजपुत्र तो मान आपल्याला मिळावा म्हणून तिला एक लाख देऊ करतात, तेव्हा सारी वैशाली दिली तरी हे भोजन सोडणार नाही, असे ती त्यांना सुनावते. या प्रसंगात तिच्याकडून पश्चात्तापाचा एक शब्दही वदवलेला नाही.

आता पिंगला. भागवताच्या अकराव्या स्कंधातील आठव्या अध्यायात विदेहनगरीची ही गणिका धनवान पुरुषाची वाट पाहत मध्यरात्रीपर्यंत दार आणि घर यांत येरझारा घालते, आणि कोणी येत नाही तेव्हा त्या निराशेतूनच तिला वैराग्य येते. तिला उपदेश करायला कोणी ऋषी येत नाही, कोणी तिचा हात धरून उद्धार करत नाही. जे उमगते ते तिचे तिलाच उमगते, आणि ती शांत झोपी जाते. यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगताना अवधूत, म्हणजे एक विरक्त संन्यासी, तिला त्यांत गणतो, ही गोष्ट निरूपणात बहुधा घाईने उरकली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही ग्रंथकार तिला ‘स्वैरिणी’ (स्वैर वागणारी) म्हणतो आणि तिच्या तोंडी स्वतःचीच कठोर निंदा घालतो, हेही खरे. तेवढ्यापुरता मुलीचा आक्षेप मान्य करावाच लागेल.

मूळ संस्कृत अवघड वाटल्यास नाथांचे एकनाथी भागवत घ्यावे, आठवा अध्याय काढावा आणि पिंगलेचे स्वगत मुलीला स्वतःच मोठ्याने वाचू द्यावे.