तिसऱ्या दिवशीचा फोन

प्रिय सिस्टर,

(तुला सिस्टर म्हणताना अजून हसू येतं, पण आता सवय करायला हवी.)

परवा तू म्हणालीस, तुमच्या कॅन्सरच्या डे-केअरमधून केमो घेऊन पेशंट हल्ली उलटी न होता घरी जातात. छान. पण केमोची उलटी पुष्कळदा घरी गेल्यावर गाठते.

पहिल्या 24 तासांतली उलटी मुख्यतः आतड्यांतून सुटणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाची. ती ऑन्डॅनसेट्रॉन या उलटीच्या औषधाने बऱ्यापैकी आटोक्यात राहते. नंतरची चार-पाच दिवस रेंगाळते. तिच्यामागे मेंदूतलं सबस्टन्स पी नावाचं रसायन असतं. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं असेल तर 48 ते 72 तासांच्या सुमारास ती जोर धरते. म्हणून तर सोबत उलटी रोखायला ॲप्रेपिटंट, डेक्सामेथासोन, बऱ्याचदा रात्री ओलान्झापिन. पण दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की पेशंट गोळ्या बंद करतो. गोळी उलटी येऊ नये म्हणून आहे, आल्यावर घ्यायची नाही, हे केमोच्या पहिल्या सायकललाच (फेरीलाच) बजाव. डेक्सामेथासोन सकाळी, नाहीतर रात्रभर डोळा लागत नाही. ओलान्झापिनचं नाव शोधलं की आधी मानसिक आजार दिसतात आणि माणूस घाबरून पाकीट बाजूला ठेवतो. तेव्हा इथे ते उलटीसाठी दिलंय, हे आधीच सांगून टाक. आणि ऑन्डॅनसेट्रॉनने पोट साफ होत नाही, त्याने मळमळ आणखी वाढते. हे विचारायला सगळेच विसरतात.

माझी एक चूक सांगते. नवीन होते तेव्हा एका बाईंना विचारलं, "उलटी झाली का?" त्या नाही म्हणाल्या. मी फाइलमध्ये लिहिलं, 'उलटी नाही.' बाई तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या, तो मला दिसला नाही. वजन केलं तर तीन किलो कमी. उलटी खरंच नव्हती. मळमळीने चार दिवस पोटात काही गेलं नव्हतं. तेव्हापासून मी विचारते: मळमळ किती? काल पाणी किती गेलं? लघवी किती वेळा झाली?

हेही विचार: गाडी लागते का, गरोदरपणात उलट्यांचा त्रास झाला होता का. अशा बायकांना, त्यातही तरुणींना, त्रास जास्त होतो. आणि पहिल्या सायकलला हाल झाले की पुढच्या वेळी स्पिरिटच्या वासानेच उलटी येते, सुई टोचायच्या आधी. त्याला नाटक म्हणणारे भेटतील. तू म्हणू नकोस, डॉक्टरांच्या कानावर घाल.

जेवणाचं फार शिकवत बसू नकोस. थोडं थोडं, गार झालेलं (वास कमी येतो), आवडीचा पदार्थ त्या दिवसांत नको, नाहीतर कायमचा नकोसा होतो. दिवसभर पाणीही टिकत नसेल, उलटीत रक्त दिसलं, उठताना चक्कर आली, किंवा ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला तर रात्र असली तरी फोन करायचा, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दे.

आणि तिसऱ्या दिवशी तू स्वतः फोन कर. वेळ नसतो, माहीत आहे. मी जेवणाच्या सुट्टीत करायचे. घरचे म्हणतील, "ठीक आहे." फोन पेशंटलाच द्यायला सांग.

तुझी,
जुनी सिस्टर