पोरीची वही मला पाठवायला नको होती

नमस्कार. वेंगुर्ल्याहून तुम्ही लिहिलंय की मुलगी सायकॉलॉजी घेऊन टीवायला आहे, एमपीएससीचा क्लास सोडला आणि ओले काजूगर काढणाऱ्या बायकांच्या "गजाली" म्हणजे गप्पा लिहीत फिरते, त्यावरून म्हणे अवजार डिझाइन करणार. आणि पुरावा म्हणून तिच्या वहीच्या पानांचे फोटो जोडलेत.

करिअरचं नंतर बघू. ते फोटो मी डिलीट केलेत, तुम्हीपण करा. एका पानावर एका बाईचं कर्ज आहे, नवऱ्याची दारू आहे. तिने ते तुमच्या मुलीला विश्वासाने सांगितलं, तुम्हाला नाही, मला तर नाहीच नाही. मुलीने नाव न लिहिता नुसतं "क" लिहिलंय आणि तुम्ही "ही आमच्या शेजारचीच" लिहून मोकळे! वाडीत कळलं तर त्या बाईला तोंड दाखवणं कठीण होईल आणि तुमच्या मुलीशी परत कोणी बोलणार नाही. मुलगी वाया चालली म्हणता, पण या कामाची शिस्त तिला आहे, तुम्हाला नाही. राग आला तर येऊ दे.

दुसरं, तुम्ही लिहिता, "चित्रकलेत कच्ची, डिझाइनर कसली होणार". अहो, डिझाइन म्हणजे चित्रं काढणं नव्हे. तिने "कसलं मशीन हवं?" असं विचारलंच नाही, "काल काय झालं?" विचारलं. म्हणून कळलं की हाताला राख फासली तरी चीक नखात जातो, कातडी सोलवटते, आणि ग्लोव्ह्ज दिले होते ते पडून आहेत कारण त्यात बोटांना अंदाज येत नाही, गर तुटतो, तुटक्याला भाव नाही. ऑफिसात बसून हे कुणाला सुचलं असतं? अमेरिकेत सॅम फार्बरच्या बायकोला संधिवातामुळे सोलाणं धरता येईना, त्यातून 1990 मध्ये त्याच्या ऑक्सो कंपनीची जाड मुठीची सोलाणी आली.

आता करिअरचं. एम.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या मास्टर्ससाठी, सीड किंवा एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट अशा प्रवेश परीक्षा आहेत, सीडला पदवी कुठलीही चालते, पण प्रवेशाच्या अटी प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या, त्या आधी बघा, लागतं तेवढं स्केचिंग सरावाने जमतं. नोकऱ्या मात्र मुंबई, पुणे, बंगळूरला, घराजवळ नाहीत, आणि फ्रेशरला धक्के खावे लागतात.

मुलीला सांगा, एकाच वाडीतल्या बायकांवर थांबू नको, फॅक्टरीत काम करणाऱ्यांनापण भेट, आणि पुठ्ठ्याचं का होईना, पहिलं मॉडेल त्यांच्याच हातात दे.